सावळाराम सहीला निघाला

सावळाराम गोजर खर्डीजवळच्या एका हायस्कुलात बत्तीस वर्षं शिपाई होता, आणि त्या बत्तीस वर्षांत त्याच्या हातून एकही कागद हरवला नाही. घंटा देणं, माठ भरणं, वर्ग झाडणं ही कामं त्याने केली, जशी शिपाई करतात तशी. जीव मात्र कागदांत. शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे प्रत्येक पोराचं नाव आणि जन्मतारीख ज्यात असते ते जाडजूड बाड, वरच्या हापिसात सहीला न्यायचं असलं की तो ते आधी धुतलेल्या धोतराच्या फडक्यात गुंडाळायचा, मग प्लास्टिकमध्ये, मग पिशवीत. शहापूरपर्यंत जीपमध्ये माणसं एकमेकांच्या अंगावर बसलेली असोत, पिशवी त्याच्या मांडीवरून हलायची नाही. एकदा मळमळलं तरी तोंड खिडकीबाहेर आणि हात पिशवीवर.

हेडमास्तरीण संजीवनीबाईंनी त्याला पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं, की रजिस्टरात खोडायचं नसतं. चुकलं तर लाल शाईची एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची. सावळाराम सातवी शिकलेला. पण हे त्याने असं धरून ठेवलं, की शिकलेल्यांनाही जमत नाही.

महामार्गात त्याचं वरच्या अंगाचं भातशेत गेलं. ज्यांची गेली त्यांनी बंगले बांधले, दारात गाड्या उभ्या केल्या. सावळारामने मिळालं ते सगळं पोरीच्या शिक्षणात घातलं. पोरगी भूमिका, एकुलती एक, तिने बारावीनंतर सांगितलं की मला विमान चालवायचंय, आणि ह्या माणसाने फक्त विचारलं, "कागद काय काय लागतील?"

लायसन घेऊन ती परत आली त्याला दोन वर्षं होऊन गेली. नोकरी नव्हती. तिच्यासारखी लायसनवाली शेकडो पोरं घरी बसली होती, आणि विमान कंपन्या बोलावतील तेव्हा बोलावतील. वाशिंदला एका क्लासमध्ये ती गणित शिकवत होती. टपरीवर लोक सावळारामला विचारत, "काय रं, इमान कुटपर्यंत आलं?"

"रनवेवर हाय," तो म्हणायचा आणि चहा संपवून उठायचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, मेल आला. पुढच्या मंगळवारी दिल्लीला मुलाखत. सोबत यादी होती तेवीस कागदांची, मूळ प्रती आणि दोन-दोन झेरॉक्ससह. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, लायसन, वैद्यकीय दाखला, रेडिओवर बोलायचा परवाना, पोलिसांचा दाखला, आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरांत, लॉगबुक.

सावळारामने चष्मा लावला आणि ओटीवर सतरंजी पसरली. बघणाऱ्याला वाटलं असतं घरात सत्यनारायण आहे.

"बाबा, मी करते," भूमिका म्हणाली.

"तू अब्यास कर. फाइल माझी."

त्याने कागद तारखेने लावले, वरच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडे घातले, अनुक्रमणिका लिहिली आणि रंगीत कागदाच्या पट्ट्या कापून महत्त्वाच्या पानांना चिकटवल्या. सरकारी कचेऱ्यांत त्यांना पताका म्हणतात. साहेबाला सगळी फाइल वाचायला वेळ नसतो; पताका दिसते तिथे तो उघडतो. लॉगबुकात त्याने एकच पताका लावली, शेवटच्या लिहिलेल्या पानाला. तिथे सगळ्या उड्डाणांची बेरीज होती, दोनशे एक तास पस्तीस मिनिटं, आणि खाली मुख्य प्रशिक्षकांची सही आणि गोल शिक्का.

लॉगबुक त्याला पहिल्यापासून आवडायचं. निळ्या कापडी बांधणीचं, आडवं, जनरल रजिस्टरची धाकटी बहीणच. प्रत्येक ओळीत एक उड्डाण. त्याने एका ओळीवर बोट ठेवलं.

"भूमी, ह्ये साडेतीनला उडालीस म्हनून लिवलंय. पहाटं? अंधारात?"

"ती जगाची वेळ असते, बाबा. सगळे वैमानिक तीच लिहितात. आपली काढायची तर साडेपाच तास मिळवायचे."

त्याने बोटांवर मोजलं. "म्हंजी नऊ. शाळा भरायचा टाइम." मग म्हणाला, "तवा मी घंटा देत असन."

संध्याकाळी भूमिका वाशिंदला मैत्रिणीकडे निघाली. स्नेहल तिच्याच तुकडीतली. दोघी मिळून दोन दिवस प्रश्नोत्तरांची तालीम करणार होत्या. आई, बारकीबाई, दारात आडवी आली.

"सनाच्या दिवशी कोन घर सोडतं गो?"

"सण दर वर्षी येतो, आय. हा मेल नाय येत." आणि वडिलांकडे वळून, "बाबा, वही न् फाइल तुमच्या ताब्यात."

ताब्यात, ह्या शब्दाने सावळाराम ताठ झाला. निवृत्त झाल्यापासून कोणी त्याच्या ताब्यात काही दिलं नव्हतं.

दसऱ्याला त्यांच्याकडे हत्यारं पुजतात. सकाळी पाटावर विळा आला, कोयता आला, नांगराचा फाळ आला. दाराला भाताच्या नव्या लोंब्यांचं तोरण. आणि मग सावळारामने लॉगबुक आणून फाळाशेजारी ठेवलं.

"त्ये कशाला मांडताव?" बारकीबाई म्हणाली. "भूमीला इचारलाव?"

"तिचं हत्यार हाय त्ये. फाळाला कुंकू लावायचं न् ह्याला नाय?"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्या शाळेत जनरल रजिस्टरची पूजा दर दसऱ्याला व्हायची आणि ती सावळारामच करायचा. त्यासाठी पहिली काही पानं कोरी सोडायची पद्धत होती, दर वर्षी एक. कुंकवाने स्वस्तिक काढायचं, हळद वाहायची, झेंडूचं फूल ठेवून रजिस्टर मिटायचं. पूजेतली पुस्तकं दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायची नाहीत. पहिली आठ-दहा पानं एकाखाली एक कुंकवाने माखलेली, पुढची स्वच्छ. त्याला वाटलं, वह्या सगळ्या अशाच. पण लॉगबुकाच्या पहिल्या पानावर भूमिकाचा फोटो होता, नाव होतं. दुसऱ्यावर लिखाण. तो पानं उलटत गेला आणि पहिलं कोरं पान जिथे मिळालं तिथे थांबला. ते होतं शिक्क्याच्या पानासमोरचं.

अनामिकेने त्याने ओलं कुंकू घेतलं, सुबक स्वस्तिक काढलं, वर हळदीचं पाणी शिंपडलं, ताजं झेंडूचं फूल आणि आपट्याचं पान ठेवलं. वही मिटली. वर कोयता ठेवला, वाऱ्याने उघडू नये म्हणून.

शुक्रवारी सकाळी त्याने निर्माल्य काढायला वही उघडली.

स्वस्तिक समोरच्या पानावर उलटं उमटलं होतं. दोनशे एक तास दिसत होते. पस्तीस मिनिटं कुंकवात बुडाली होती. सहीचा अर्धा भाग लाल, आणि फुलाच्या रसाने आणि हळदीच्या पाण्याने शिक्क्याची जांभळी शाई अशी पसरली होती की त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं.

बारकीबाई पदर ओला करून धावली. त्याने तिचं मनगट धरलं. "पुसू नको. पुसलं का गेलं."

मग तो खाली बसला. किती वेळ बसला कोण जाणे. बारकीबाईने समोर ठेवलेला चहा निवला, त्यावर साय धरली, ती माशीने खाल्ली.

नऊ वाजता त्याने वही फडक्यात गुंडाळली आणि शहापूर गाठलं. स्टँडसमोर शेखरचं झेरॉक्सचं दुकान. शेखरने पान पाहिलं आणि चुटकी वाजवली.

"काका, टेन्शन नाय. स्कॅन मारतो, कम्प्युटरवर लाल रंग उडवतो. झेरॉक्स कोरी करकरीत निघल."

"न् मूळ पान?"

"ओरिजनल कोन बघतो इतकी?"

कोण बघतो ते सावळाराम जाणून होता. बत्तीस वर्षं तो टेबलाच्या ह्या बाजूला उभा राहिला होता. साहेब बघतो, आणि पताका असते तिथे बघतो. हे मनात आलं आणि त्याच्या हाताने काम केलंसुद्धा. शेखरच्या काउंटरवर उभ्या-उभ्या त्याने ती पट्टी नखाने सोडवली आणि आदल्या पानाला चिकटवली. तिथेही खाली एक बेरीज होती, त्या पानापुरती. घाईतला साहेब फसला असता.

झेरॉक्स न काढताच तो दुकानाबाहेर पडला. परतीची जीप भरत होती. तो तिच्यात चढला नाही. समोर मुरबाडची एसटी लागली होती, किन्हवली, सरळगाव करत जाणारी; तिच्यात जाऊन बसला.

संजीवनीबाई मुरबाडला राहतात. वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. त्यांनी वही घेतली, पताका पाहिली, पान उघडलं, चष्म्याच्या वरून सावळारामकडे पाहिलं.

"ही पट्टी इथे का? ही बेरीज तर ह्या पानापुरतीच आहे."

सावळाराम पंच्याच्या टोकाला गाठ मारू लागला.

"कोणी लावली?"

"मीच, बाई."

"केव्हा?"

"आत्ताच. शापूरला."

बाईंनी पुढचं पान उघडलं. कुंकू, हळद, सगळं पाहिलं. मग वही मिटून टेबलावर ठेवली.

"एका पुढाऱ्याने पोराची जन्मतारीख बदलायला सांगितली तेव्हा रजिस्टर घेऊन दोन तास मुतारीत कडी लावून बसला होतास. आठवतंय? आणि आज पट्टी सरकवतोस."

"तवा पोर माझी नव्हती, बाई."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"भूमिकाला सांगितलंस?"

"नाय."

"मग माझ्याकडे काय आलास? वही माझी आहे?"

"बाई, तिनं ताब्यात दिली व्हती. ताब्यात म्हनली. आता कोनत्या तोंडानं..." त्याने खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं, डोळ्यांपर्यंत.

बाई उठल्या, गुडघ्यांना शिव्या देत आत गेल्या, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"दाखल्यांच्या पुस्तकावर शाईची दौत सांडली होती, ते आठवतं?"

"तुमच्या हातून," सावळाराम हळूच म्हणाला.

"माझ्याच. खोलीत आपण दोघंच होतो. तुझ्या नावावर खपवली असती तर कोणी विचारलं नसतं. मी काय लिहिलं?"

"माझ्या हातून शाई सांडली. सही, तारीख."

"तेव्हा मला लाज वाटली नसेल असं वाटतं तुला? नवी हेडमास्तरीण होते मी. चार दिवस जेवण गेलं नाही." त्यांनी वही त्याच्याकडे सरकवली. "पट्टी जागेवर लाव. घरी जा. आणि पाणी पी आधी, एसटी काही पळत नाही."

त्याने पट्टी त्यांच्यासमोरच जागेवर लावली.

संध्याकाळी भूमिका घरी आली. तिने बूट काढायच्या आधीच सावळारामने सांगून टाकलं, उभ्याने, वही दोन्ही हातांत धरून. काय केलं, का केलं, आणि शहापूरला पट्टी सरकवली होती, तेही.

भूमिकाने पान पाहिलं. वही ओटीवर ठेवून मागल्या दाराने परसात गेली. बारकीबाई तिच्यामागे निघाली, तर सावळारामने मान हलवून तिला थांबवलं.

पाव तासाने भूमिका आत आली. डोळे लाल होते.

"बाबा, हात लावायच्या आधी एक फोन करायचा ना."

"हां."

"दोन वर्षं, बाबा."

"हां गो."

बारकीबाई मध्ये पडली. "ती देवापुढं ठेवली त्यांनी, चुलीत नाय घातली."

"मी कुठं म्हणतेय चुलीत घातली, आय?"

मग भूमिकाने फोन लावला. उड्डाणांची नोंद हल्ली कम्प्युटरवरही असते, पण मुलाखतीला मूळ वही बघतात, आणि प्रमाणित पान वाचता येत नसेल तर कागदांच्या टेबलावरूनच माणूस परत जातो; हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचे कॅप्टन, मुख्य प्रशिक्षक, पलीकडून दोन मिनिटं ऐकत राहिले. फ्लाइंग शाळेच्या नोंदी माझ्याकडे आहेत, ते म्हणाले, ताडून बघतो आणि पुढच्या पानावर पुन्हा प्रमाणित करून देतो. मात्र वही समोर पाहिजे आणि मी उद्या संध्याकाळपर्यंतच इथे आहे.

फ्लाइंग शाळा नाशिकच्याही पुढे सहा तासांवर. भूमिका बॅग शोधू लागली. तिचा अर्धा अभ्यास राहिला होता, आणि सोमवारी सकाळी दिल्लीचं विमान.

सावळाराम म्हणाला, "तू अब्यास कर. सहीला मी जातो."

"बाबा, दोन एसट्या बदलायच्या. दिवस जातो पूर्ण."

"दुसरं काय काम केलं मी जन्मभर?"

भूमिकाने वही उचलली. क्षणभर तिच्याच हातात राहिली. सावळारामचे हात पुढे आले नाहीत.

"परत माझ्या ताब्यात देतीस?"

"मग कोणाच्या देऊ?" ती म्हणाली, आणि वही त्याच्या हातात ठेवली.

शनिवारी पहाटेच्या गाडीने तो निघाला. फडकं, प्लास्टिक, पिशवी, मांडी. कसाऱ्याचा घाट, नाशिकचा स्टँड, पुढे एक खडखडणारी एसटी. पाणी तेवढं प्यायला. भाकरीचं गाठोडं सोडलं नाही, कारण तेलकट हात वहीला लागले असते. दुपारी तीनला पोचला.

कॅप्टन त्याच्याहून तरुण निघाले, चाळिशीतले. त्यांनी शाळेच्या नोंदी काढल्या, ओळीनओळ ताडली. सावळाराम टेबलाच्या ह्या बाजूला उभा, पाय जुळवून. बसा म्हटलं तरी बसेना.

"काका, पुढचं पान म्हणजे हेच, स्वस्तिकाचं. त्याच्या खाली लिहू?"

"तुमाला चालत असन तर."

कॅप्टननी काळ्या शाईत लिहिलं, की मागील पान पूजेच्या कुंकवाने डागाळलं आहे, बेरीज दोनशे एक तास पस्तीस मिनिटं, शाळेच्या नोंदींशी पडताळली, बरोबर आहे. सही, शिक्का, तारीख. सावळारामने वही लगेच मिटू दिली नाही. खिशातून टिपकागदाचा तुकडा काढला, शिक्क्यावर अलगद दाबला आणि शंभर आकडे मोजले.

"नोकरीत काय करत होता तुम्ही, काका?"

"ह्येच."

निघताना कॅप्टननी त्याला बाहेर नेलं. धावपट्टीच्या कडेला एक विमान उभं होतं, पांढरं, आपल्या जीपएवढं. शेपटीजवळची अक्षरं सावळारामने ओळखली. लॉगबुकात ती शंभरदा तरी आली होती.

"ह्यातच ती पहिल्यांदा एकटी उडाली."

"एवढुशात?" तो म्हणाला. आणि मग, "हात लावू?"

पिशवी डाव्या हातात घट्ट धरून त्याने उजवा तळवा विमानाच्या पत्र्यावर ठेवला. उन्हाने तापलं होतं. बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा त्याने तो थोडा वेळ तिथेच ठेवला.

मंगळवारी दिल्लीत कागद तपासणाऱ्या बाईंनी फाइल पताकांप्रमाणे उघडली. लॉगबुकाच्या पताकेशी त्या थांबल्या. भूमिकाने काय झालं ते सांगितलं, दोन वाक्यांत, वडिलांनी केलं हेही. बाईंनी पुढच्या पानावरचं लिखाण वाचलं, आकड्यावर बोट फिरवलं, आपल्या कागदावर खूण केली आणि पुढच्या पताकेला गेल्या. एवढंच. आत बसलेल्या साहेबांनी पुढे तास-दीड तास तिला घाम फोडला, पण ते तिच्या अभ्यासाचं होतं, आणि अभ्यास तिने केला होता.

तीन आठवड्यांनी निवडीचं पत्र आलं. सावळाराम त्या दिवशी टपरीवर मुद्दाम गेला आणि कोणी विचारीना, तेव्हा स्वतःच म्हणाला, "उडालं बरं का."

पुढच्या दसऱ्याला भूमिकाला एका दिवसाची सुटी मिळाली. सकाळी पाटावर विळा आला, कोयता आला, फाळ आला. सावळारामने चौथी कोणतीच वस्तू मांडली नाही; तो पाटाकडे पाठ करून उदबत्ती शोधत राहिला. उदबत्ती त्याच्या समोरच होती.

भूमिकाने बॅगेतून नवं लॉगबुक काढलं. जुनं जवळजवळ भरत आलं होतं. बांधणीनंतरचं पहिलं पान तिने उघडलं. कोरं होतं. वरच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने, बारीक अक्षरांत, तिने लिहिलं होतं: पूजेसाठी.

"हे पान तुमचं, बाबा."

सावळारामने पान पाहिलं, उलटून पाठ पाहिली, शाई फुटेल का ते बोटाने चाचपलं. बारकीबाईने कुंकवाची वाटी पुढे केली, तशी त्याने हात आडवा धरला.

"ओलं काय नको. कोरड्या अक्षता आन."

त्याने चिमूटभर अक्षता पानावर वाहिल्या आणि वही मिटलीच नाही. दिवसभर पाटावर उघडी राहिली. तांदूळ उडू नयेत म्हणून त्याने घरातले दोन्ही पंखे बंद केले. ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं. बारकीबाई पदराने वारा घेत रात्रीच्या जेवणापर्यंत कुरकुरत राहिली, आणि भूमिका घामाघूम होऊन त्याच खोलीत, वहीशेजारी, झोपून गेली.